हळदीचा दाखला

कापलेल्या बोटावर हळद दाबावी, हे आमच्या घरांत कोणास शिकवावे लागत नसे. पूर्वज इंदूर-बडोद्यास आले तेव्हा आजीबाईचा बटवाही सोबत आला. तरीही मार्च १९९५ मध्ये जखमेवरील हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले! १९९६ मध्ये आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. तिचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्माने गोव्यातील माशेलचे. परदेशातील तोंडी परंपरा तेथील कायद्यास पुरावा म्हणून मान्य नव्हती. छापील आधार हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उतारे आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख असे संदर्भ सादर झाले, आणि १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले.

दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस यात नवल वाटले नाही. नोंद नाही ते दप्तरास ठाऊक नसते. अर्थात या निकालाने वापराचे जुनेपण ठरले, गुण नव्हे. खोल जखमेस दवाखानाच गाठावा.

२००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा शासकीय संग्रह होऊ लागला, पण तोही मुख्यतः जुन्या ग्रंथांवरून. सुंठ किती वेढे उगाळावी, ओवा भाजावा की कच्चा द्यावा, हे आमच्या घरांत अजून आजेसासूबाईंच्या तोंडीच आहे.