पहिली रॅकेट

ग्वाल्हेर येथे 1957 साली, स्वातंत्र्यसमराच्या शताब्दीवर्षी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले. त्या काळी टेनिसची रॅकेट लाकडी असे. तिचे वजन 350 ग्रॅमहून अधिक. दमट हवेने वाकू नये म्हणून ती चौकटीत आवळून ठेवावी लागे. पुष्कळदा थोरांची जुनी रॅकेटच मुलांच्या हाती येई आणि ती पेलली नाही, तर दोष मुलाच्या मनगटाला दिला जाई. 1980च्या दशकात ग्रॅफाइटने लाकडाला हटविले. रॅकेट हलकी झाली, तिचे तोंड रुंदावले. आज मुलांना उंचीनुसार 19 ते 26 इंचांची, प्रौढ नवशिक्याला 27 इंचांची, 300 ग्रॅमच्या आतील रॅकेट मिळते. नामांकित खेळाडूची रॅकेट पाहून भुलू नये. मनगट न दुखता पेलेल तीच घ्यावी. लाकडाच्या काळातील मुलांना एवढी निवड फारशी लाभली नव्हती.