एक बेल, डबल बेल

एसटीच्या छताखालून एक दोरी गेलेली असायची. मागच्या सीटपासून थेट ड्रायव्हरजवळच्या घंटीपर्यंत. कंडक्टरनं एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. नागपूर–तुळजापूर रस्त्यावरच्या महागावात 'डबल बेल' हा शब्द शाळेत न गेलेल्यालाही कळायचा.

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हा यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात नव्हताच. तो आला १९५६ च्या नोव्हेंबरात. घंटीची भाषा मात्र एसटीहून जुनी. लंडनच्या बसमध्येही एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

गाडीत बसलेल्या माणसानं यंत्राशी कसं बोलावं, हे ठरवणं आता एक अख्खा व्यवसाय आहे. त्या मंडळींनी ही दोरी एकदा नीट पाहावी. गर्दीत कंडक्टर कुठंही अडकला तरी हात वर केला की दोरी सापडते. ड्रायव्हरची नजर रस्त्यावरच राहते. आणि चुकून धक्का लागलाच तर टोला पडणार एक, म्हणजे गाडी थांबणार. चुकून सुटणार नाही. एक पाय पायरीवर, एक फाट्यावरच्या मुरुमात, अशा म्हातारीचा जीव या हिशेबावर असायचा.

१९८६ च्या ब्यूक रिव्हिएरात टचस्क्रीन आली. गुळगुळीत काचेवर बोटाला काही कळत नाही, म्हणून डोळे खाली जातात. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि मदतीची हाक यांच्यासाठी खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं. पोहोचायला चाळीस वर्षं लागली!

दोरीतही खोट होतीच. ती कंडक्टरची, प्रवाशानं ओरडायचं, "थांबवा हो!" आपल्याकडे २०१९ पासून नव्या सार्वजनिक गाड्यांत पॅनिक बटण सक्तीचं झालं, ते प्रवाशाच्या हातात आहे. ते दाबलं की गाडीचा ठावठिकाणा दूरच्या नियंत्रण कक्षात जातो. घंटी सगळ्या गाडीला ऐकू जायची. हे बटण मुलीला गुपचूप दाबावं लागतं, कारण त्रास देणारा शेजारीच बसलेला असू शकतो. मग पलीकडे कुणी ऐकलं, हे तिला कसं कळावं? दोरी ओढली की लगेच ब्रेक लागायचा, गाडी हळू व्हायची.