येल आणि न्यू हेवन : एका विद्यापीठनगरीच्या दुर्लौकिकाचा इतिहास

१/ ऑगस्ट २०२३. अमेरिकेतील येल विद्यापीठात प्रथम वर्षासाठी दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या हाती एक पत्रक पडले. त्यावर काळ्या झग्यातील यमदूताचे चित्र होते. रात्री आठनंतर रस्त्यावर फिरू नका, सार्वजनिक वाहने टाळा, शक्यतो विद्यापीठाच्या आवारातच राहा, अशा सूचना त्यात होत्या. ज्या न्यू हेवन शहरात पुढची चार वर्षे काढायची, त्याची नवागतांना झालेली ही ओळख.

२/ पत्रक वाटले होते विद्यापीठाच्याच पोलिसांच्या संघटनेने. नव्या कराराची बोलणी तेव्हा अडलेली होती. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस संघटनांनी नोकरकपातीविरुद्ध असेच पत्रक काढले होते, नमुना तोच. महापौर आणि विद्यापीठ या दोघांनीही निषेध केला. परंतु शहराची भीती दाखवून मागण्या पुढे रेटता येतात, याचा अर्थ ती भीती आधीपासून मनांत मुरलेली आहे. ती कशी मुरली, याचा हा इतिहास.

३/ न्यू हेवन हे कनेक्टिकट राज्यातील समुद्रकाठचे शहर. १६३८ मध्ये प्युरिटन पंथीयांनी ते वसवले. नऊ चौकोनांची रेखीव आखणी आणि मधोमध 'ग्रीन' नावाचे मोकळे मैदान. १७०१ मध्ये स्थापन झालेले एक छोटे कॉलेज १७१६ मध्ये येथे आले आणि दोनच वर्षांनी त्याला 'येल' हे नाव मिळाले.

४/ या नावाचा मराठ्यांच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर (१६८७–१६९२). छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना, १६९० मध्ये, कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला कंपनीने मराठ्यांकडून विकत घेतला, तो याच्याच कारकिर्दीत. किल्ल्यावरून डागलेला तोफगोळा जिथवर जाईल तिथवरचा मुलूख इंग्रजांचा, असा तो सौदा होता. हाच पुढचा फोर्ट सेंट डेव्हिड.

५/ पदाचा गैरवापर करून स्वतःची तुंबडी भरल्याच्या आरोपांवरून येलची गव्हर्नरी गेली. १७१८ मध्ये त्याने त्या दूरच्या कॉलेजला ४१७ पुस्तके, राजा पहिला जॉर्ज याचे चित्र आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. त्या मालात कापड होते. माल विकून सुमारे ५६२ पौंड उभे राहिले आणि कॉलेजने कृतज्ञतेने दात्याचे नाव धारण केले.

६/ पुढची महत्त्वाची तारीख १७४५. त्या वर्षीच्या सनदेने कॉलेजला करमाफी मिळाली. लहान गाव, लहान कॉलेज. तेव्हा ही सवलत कोणालाच जड नव्हती. १८१८ च्या राज्यघटनेने ही सनद कायम केली. पुढे संस्था वाढत गेली, तिची जमीन वाढत गेली आणि सवलतही तिच्याबरोबर वाढत गेली.

७/ गावकरी आणि विद्यार्थी यांचे वैर जुने आहे. १८५४ च्या मार्चमध्ये दोन्ही बाजूंत हाणामारी होऊन एक स्थानिक मद्यविक्रेता भोसकला गेला. संतप्त जमावाने चक्क तोफा ओढत आणून कॉलेजवर रोखल्या. पोलिसांनी त्या वेळीच निकामी केल्या, म्हणून अनर्थ टळला. तेव्हा कारखाने जोरात होते, हाताला काम होते. म्हणजे या तेढीचे मूळ केवळ बेकारीत नाही; दोन असमान वर्ग एकाच मैदानाच्या काठी राहत होते.

८/ एकोणिसावे शतक संपता संपता न्यू हेवन पक्के कारखान्यांचे गाव झाले होते. येलचाच पदवीधर एली व्हिटनी याने १७९८ मध्ये सरकारला १०,००० बंदुका पुरवण्याचे कंत्राट घेतले आणि शहराच्या वेशीवर कारखाना उभारला. पुढे विंचेस्टर रायफली, घड्याळे, बग्ग्या, कुलपे, कॉर्सेट, शिवाय एका मोठ्या रेल्वे कंपनीचे मुख्यालय. आयरिश, इटालियन, ज्यू स्थलांतरितांना येथे शाळा-कॉलेज न शिकताही पोट भरता येत होते.

९/ दोन्ही महायुद्धांत विंचेस्टरमध्ये हजारो कामगार राबत. दक्षिणेकडील राज्यांतील वर्णद्वेषाला कंटाळून निघालेली कृष्णवर्णीय कुटुंबे या कामाच्या ओढीने आली आणि कारखान्यालगतच्या न्यूहॉलव्हिल वस्तीत स्थिरावली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या १,६४,४४३ होती. मात्र त्यांचे पाय रोवले जात असतानाच पायाखालची जमीन सरकू लागली.

१०/ कारखाने स्वस्त मजुरीच्या आणि मोकळ्या जागेच्या शोधात बाहेर पडले. विंचेस्टरचे कामगार घटत गेले, १९७९-८० चा दीर्घ संप झाला, मालक बदलले, अखेर २००६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. आधी आलेल्या स्थलांतरितांना शिडीची जी पायरी मिळाली, ती शेवटी आलेल्यांच्या वाट्याला येईपर्यंत मोडून गेली होती.

११/ घरांच्या बाबतीतही तेच. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले. गरीब व कृष्णवर्णीय वस्त्या त्यांत लाल, म्हणजे 'धोकादायक' ठरल्या. गोऱ्या कुटुंबांना उपनगरात कर्जाने घर मिळाले. लाल रेघेच्या आतल्यांना डागडुजीलाही पैसा मिळेना. 'बदनाम वस्ती' हा शिक्का आधी कागदावर उमटला आणि पुढच्या दशकांत तो वस्तीत खरा ठरत गेला.

१२/ १९५४ मध्ये रिचर्ड ली महापौर झाले. त्यापूर्वी ते येलच्या प्रसिद्धी विभागाचे काम पाहत. झोपडपट्टीमुक्त आदर्श शहर हे त्यांचे स्वप्न. दरडोई हिशेबाने केंद्राचा सर्वाधिक नगरपुनर्रचना निधी मिळवणाऱ्या शहरांत न्यू हेवन अग्रभागी होते. त्या पैशातून ओक स्ट्रीट ही ज्यू, इटालियन, कृष्णवर्णीय अशी सरमिसळ वस्ती भुईसपाट झाली आणि तिच्या जागी रुंद महामार्गाचा तुकडा आला. शहरभरात वीस हजारांहून अधिक लोक विस्थापित झाले.

१३/ ऑगस्ट १९६७ मध्ये हिल वस्तीत एका गोऱ्या उपाहारगृह-मालकाने एका पोर्तोरिकन माणसावर गोळी झाडली आणि दंगल उसळली. देश ज्याला आदर्श शहर म्हणत होता, तेच पेटले. मध्यमवर्गाचा बाहेरचा ओघ वाढला. १९८० च्या दशकात क्रॅक कोकेन आले आणि बेकार तरुणांपुढे एकच धंदा तेजीत उरला.

१४/ फेब्रुवारी १९९१ मध्ये येलचा १९ वर्षांचा विद्यार्थी आवारालगत गोळी लागून मृत्यू पावला. बातमी देशभर गाजली. विद्यापीठाने दिवे, गस्त, वाहनव्यवस्था वाढवली. त्याच काळात न्यूहॉलव्हिल आणि हिलमध्येही तरुण मुले मरत होती. त्यांची बातमी शहराबाहेर क्वचितच गेली. शहराची कीर्ती त्या एका मृत्यूने ठरली. त्याचा खरा भार वाहिला तो बाकीच्यांनी.

१५/ आकडेवारीतली एक मेख ध्यानात घ्यावी. न्यू हेवनची हद्द जेमतेम २० चौरस मैल. सुखवस्तू उपनगरे कायद्याने स्वतंत्र गावे आहेत. कनेक्टिकटने १९६० मध्ये जिल्हा-शासनही मोडीत काढले. त्यामुळे सगळ्या परिसराची गरिबी एका लहान वर्तुळात मोजली जाते आणि सुबत्ता वर्तुळाबाहेर राहते. ज्या शहरांच्या हद्दीत उपनगरेही येतात, त्यांचे दर आपोआप सौम्य दिसतात.

१६/ करांचेही तसेच. येथील शहरांचे मुख्य उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर. आणि न्यू हेवनमधील निम्म्याहून अधिक मालमत्ता विद्यापीठ, रुग्णालय, चर्च, सरकार यांची म्हणून करमुक्त. १९७८ पासून राज्य काही भरपाई देते. येल १९९० पासून ऐच्छिक रक्कम देते. २०२१ च्या करारात सहा वर्षांसाठी एकूण सुमारे १३.५ कोटी डॉलर ठरले. विद्यापीठाची गंगाजळी मात्र ४० अब्ज डॉलरांहून अधिक आहे.

१७/ बेकारी म्हणाल, तर शहरात नोकऱ्या आहेत. विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालय हेच आज सर्वांत मोठे मालक. पण चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांना पदव्या लागतात आणि त्यांतला मोठा वाटा उपनगरांतून ये-जा करणाऱ्यांकडे जातो. कामगार संघटना आणि नागरिकांच्या रेट्यानंतर २०१५ मध्ये येलने शहरातील १,००० रहिवाशांना, त्यांतही ५०० गरजू वस्त्यांतून, नोकरी देण्याचे मान्य केले.

१८/ गुन्ह्यांचा आलेखही स्थिर नाही. २०११ मध्ये शहरात ३४ खून झाले. २०१७ मध्ये ही संख्या एक आकडी होती. कोरोनाकाळात ती पुन्हा चढली. वस्ती तीच, माणसे तीच. आकडे मात्र वर-खाली झाले. गुन्हेगारी हा गावाचा स्वभाव असता, तर असे झाले नसते. २०२३ च्या पत्रकाला या चढउताराशी कर्तव्य नव्हते. त्याला फक्त जुना दुर्लौकिक पुरेसा होता.

१९/ गेल्या दशकापासून ओक स्ट्रीटवरचा तो महामार्ग टप्प्याटप्प्याने बुजवला जात आहे. खोदलेली जागा भरून तिथे पुन्हा रस्ते आणि इमारती येत आहेत. त्यांत प्रयोगशाळा आहेत, जैवतंत्रज्ञान कंपन्या आहेत. ज्या कुटुंबांची घरे तिथे होती, त्यांची नातवंडे त्या इमारतींत कामाला लागतात की नाही, यावर या शहराच्या इतिहासाचे पुढचे पान अवलंबून आहे.