भाजी थांबत नाही

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या बचत गटांच्या बायका बोलतोय. तुम्ही पिकवणाऱ्या, आम्ही विकत घेऊन खाणाऱ्या. आपल्यामध्ये तीस-चाळीस किलोमीटरचं अंतर आहे. तरी तुम्ही ज्या भावाला भेंडी देता आणि आम्ही ज्या भावाला ती घेतो, त्यांचा मेळ बसत नाही. असं का होतं आणि आजवर कोणी काय करून पाहिलं, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

आधी आपल्या भागाचं बघू. रेल्वे १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत, आणि १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत. तेव्हापासून बदलापूर, वांगणी, नेरळच्या शिवारातला माल त्या रुळांवरून शहराकडे जाऊ लागला. आजही पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात पालेभाजीचे भारे आणि टोपल्या दिसतात. पावसाच्या तोंडाला कातकरी-ठाकर बायका शेवळं आणि काकडं घेऊन येतात, पुढं टाकळा, भारंगी, कुर्डू, कंटोळी येतात. ही आपल्याकडची सगळ्यात जुनी पुरवठ्याची साखळी, आणि तिचा मोठा भाग बायकांच्या डोक्यावरून चालत आला.

मग आमचं गाव वसलं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. छावणीचे पाच भाग म्हणून कॅम्प १ ते ५. भातशेतीच्या गावांशेजारी थोड्या वर्षांत हजारो खाणारी तोंडं आली. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात गिऱ्हाईक येऊन बसलं. सिंधी कढीत भेंडी, गवार आणि शेवग्याच्या शेंगा लागतात. साई भाजीत पालक, चुका आणि शेपू लागतो. हे सगळं आपल्या मातीत येतं.

गिऱ्हाईक इतकं जवळ असून पैसा मधेच का अडला? कारण एकच आहे. भाजी थांबत नाही, घेणारा थांबू शकतो. सकाळी काढलेली मेथी संध्याकाळी मान टाकते. माल घेऊन आलेल्या बाईला शेवटची गाडी पकडायची असते, घरी लेकरं वाट बघत असतात. व्यापाऱ्याला हे माहीत असतं. तो दहा वाजेपर्यंत गप्प बसतो. भाव ठरतो तो मालाच्या दर्जावर कमी आणि कोणाला घाई आहे यावर जास्त.

ही अडचण आजची नाही. पूर्वी बाजारात हत्ता पद्धत चालायची. व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो बाजूला उभा. वजनात कट, वर धर्मादाय, तोलाई, हमाली. याला आळा घालायला नियंत्रित बाजार आले. आपल्याकडचा असा पहिला बाजार १८८६ मध्ये विदर्भातल्या कारंजा इथं कापसासाठी सुरू झाला. महाराष्ट्राचा बाजार समितीचा कायदा १९६३ चा. उघडा लिलाव, तपासलेला काटा, हातात पट्टी आणि त्याच दिवशी पैसे, हा त्याचा हेतू. हेतू चांगलाच होता. गाडीभर माल आणणाऱ्याला त्याचा उपयोगही झाला.

पण टोपलीवाल्या बाईला बाजार समिती लांबच राहिली. तिचा माल थोडा, भाडं सारखंच. शिवाय सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, म्हणून पट्टीही त्यांच्याच नावानं. समितीच्या १८ संचालकांत महिलांसाठी राखीव जागा २. राबणाऱ्या हातांत बायकांचे किती आणि ठरवणाऱ्यांत किती, हे तुम्हीच मोजा.

मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९६ मध्ये भायखळ्याहून वाशीला गेला. आपल्या भागातला बराच माल कल्याणच्या बाजार समितीत आणि वाशीला जातो. तोच माल कधी कधी फेरा मारून पुन्हा आमच्या कॅम्पातल्या हातगाडीवर येतो. प्रत्येक ठिकाणी गाडी बदलते, हमाली लागते, थोडी भाजी खराब होते. तो सगळा खर्च एका बाजूनं तुमच्या भावातून निघतो आणि दुसऱ्या बाजूनं आमच्या पिशवीतून.

मधला प्रत्येक माणूस चोर असतो असं आम्ही म्हणत नाही. तो गाडी करतो, जोखीम घेतो, अडीअडचणीला उचलही देतो. पण उचल घेतली की माल त्यालाच घालावा लागतो. म्हणजे तो आपली घाईच विकत घेतो.

ही घाई ज्यांनी कमी केली त्या बायकांच्या गोष्टी बघा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचंच पुढं लिज्जत झालं. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या उल्हासनगरातही सिंधी बायकांनी घरी पापड लाटून संसार उभे केले. पापडच का? कारण पापड वाळतो, टिकतो. आज नाही विकला तर उद्या विकेल. ज्याचा माल थांबतो त्याला भाव सांगता येतो.

दुसरी गोष्ट गिरणगावातली. गिरणी कामगारांना खाणावळीचं जेवण करून घालणाऱ्या बायका महिनाभर उधारीवर जेवू घालायच्या, आणि धान्य भरायला सावकाराकडून पैसे घ्यायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक तोच, कष्ट तेच, पण सावकाराची घाई गेली आणि पैसा घरात राहू लागला. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, त्यामागचा विचार हाच.

आता शेतमालाचं. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली. आडतही शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. व्यापाऱ्यांनी तेव्हा बंद पुकारला होता, तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर पणन मंडळानं संत सावता माळी यांच्या नावानं शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. मोकळीक मिळाली ही मोठी गोष्ट. पण दार उघडं असून बसायला ओटा नसेल तर काय उपयोग? रस्त्याकडेला बसलं की कधी टोपली उचलली जाईल याचा धाक. त्यासाठी २०१४ चा फेरीवाला कायदा माहीत हवा. त्यात शहर फेरीवाला समितीची तरतूद आहे. समितीतल्या फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींत एक तृतीयांश महिला हव्यात, आणि जुन्या नैसर्गिक बाजाराचा विचार करावा लागतो. वर्षानुवर्षं एकाच जागी बसणाऱ्या बायकांनी हे नगरपालिकेत जाऊन विचारायला हवं.

याहून मोठा मार्ग शेतकरी उत्पादक कंपनीचा. त्यासाठी २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १० शेतकरी मिळून अशी कंपनी काढू शकतात. नाशिकची सह्याद्री फार्म्स त्याच वाटेनं वाढली. पण कंपनी म्हटली की हिशेब, लेखापरीक्षण, सभा आल्या. महिन्याची बचत वेळेवर भरणारा आणि वही चोख ठेवणारा गट आधी असेल तरच त्या वाटेला जावं.

मग लहान शेताला आजपासून काय जमेल? आम्ही जुळवलेल्या चार गोष्टी सांगतो.

एक, एकत्र माल. समजा गावातल्या १० जणी रोज प्रत्येकी १५ किलो भेंडी तोडतात. दहाही जणी बाजारात गेल्या तर १० जणींचा दिवस मोडला. १५० किलो एका टेम्पोत घालून दोघीच गेल्या, तर आठ जणी रानात राहिल्या. काटा मात्र गटाचा हवा, आणि जाणाऱ्या दोघी दर आठवड्याला बदलायला हव्यात, म्हणजे भाव सगळ्यांनाच कळतो.

दोन, आधी मागणी मग तोडणी. आमच्या गटांतल्या बायका कामावरून उशिरा घरी येतात. त्यांना निवडलेली मेथी, सोललेले वाल, मोडाची कडधान्यं हवी असतात. पाच गटांनी मिळून आठवड्याची यादी आदल्या दिवशी गावाला कळवली, तर तेवढाच माल येईल आणि शिल्लक राहणार नाही. गिऱ्हाईक ठरलेलं असलं की घाई आपोआप जाते.

तीन, उरलेलं टिकवणं. उरलेल्या गवारीच्या, कारल्याच्या सांडग्या, वाळवलेली मेथी, कैरीचं लोणचं. विक्रीला ठेवण्याआधी अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या. ती लहान उद्योगालाही लागते.

चार, आपल्या मातीचं नाव. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे. रानभाज्यांची तर शहरात वाट पाहतात. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांत नुसती जुडी ठेवू नका. ती कशी निवडायची, कशी शिजवायची हे सांगणारी बाई सोबत बसवा, कारण आमच्यातल्या कित्येकींना भारंगीचा कडूपणा कसा काढायचा तेच ठाऊक नाही.

यातला कुठलाच मार्ग सगळ्या मालाला पुरणार नाही. वीस किलो भेंडीसाठी शंभर घरं जोडता येतील, पण दोन टन भेंडीला बाजार समितीच लागेल. म्हणून सगळा माल एकाच दारात नेऊ नका. थोडा ठरलेल्या घरांना, थोडा आठवडे बाजारात, बाकी समितीत. दुसरं दार माहीत असलं, की पहिल्या दारातला माणूसही नीट बोलतो.

येत्या मासिक सभेत एवढं करा. मागच्या आठवड्यात कोणी काय विकलं, किती वाजता विकलं आणि काय भाव मिळाला, ते एका कागदावर लिहून काढा. वेळेचा रकाना विसरू नका. सकाळचा भाव आणि शेवटच्या गाडीआधीचा भाव शेजारी शेजारी दिसला, की आपली घाई आपल्याला किती रुपयांना पडते ते कळेल. तो कागद घेऊन आमच्याकडे या. विठ्ठलवाडी स्टेशनवर उतरलात की आम्ही जवळच आहोत. आमच्या यादीशी तुमचा कागद जुळवून बघू.