जोर, खडी आणि कंदील

तालमींचा इतिहास सांगणारे खासबागेपासून सुरुवात करतात. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 साली कोल्हापूरचं ते मैदान सुरू झालं, 1952 ला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, 1964 ला कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. सगळं खरं. पण खेड्यातली तालीम उभी असते ती म्हशीच्या दुधावर आणि जत्रेच्या वर्गणीवर. 1972 चा पाऊस गेला आणि आमच्या माणदेशात ही दोन्ही गेली.

1973 च्या उन्हाळ्यात मी दहावी उरकून अकरावीला, म्हणजे जुन्या मॅट्रिकला जाणार होतो. पहाटे तालीम, दिवसभर खडी, रात्री पुस्तक. एरवी हौद्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं. त्या साली प्यायला पाणी टँकरचं, तर मातीला कुठलं? माती धुरळ्यासारखी उडायची. वस्तादांनी लढती बंद केल्या. फक्त जोर-बैठका.

त्याही मोजून. आधी ते एकेकाला विचारायचे, "रात्री काय खाल्लंस रं?" भाकरी म्हटलं तर शंभर जोर, आंबील म्हटलं तर पंचवीस, काहीच नाही म्हटलं तर कोपऱ्यात बसायचं. चारचौघांत उपाशी म्हणवून घेणार कोण? सगळी पोरं भाकरीच सांगायला लागली. एक पोरगा साठाव्या जोराला तोंडावर आला आणि उठेचना. तिथून पुढं वस्तादांनी विचारणंच सोडलं. सरसकट सगळ्यांना पंचवीस. ज्यांच्या घरी दाणा होता ते थोडे कुरकुरले, पण वस्तादांपुढं बोलायची टाप नव्हती. त्यांची स्वतःची म्हैस तेव्हा छावणीत उभी होती.

दिवस उगवला की सडकेच्या कामावर. मे महिन्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती म्हणतात. आमच्या गावात तर घरं राखायला म्हातारी तेवढी उरलेली. घरी मिलोची लाल भाकरी, कामावर सुकडी. आई निम्मी सुकडी पदराला बांधायची, धाकटीसाठी.

खडीची मजुरी ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, पाच रुंद, दोन उंच ढीग लावला की एक ब्रास भरतो. बायकांना हे कोण सांगणार? मोजणारा पाऊण म्हणायचा, त्या मान हलवायच्या. मी सुतळीला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि आमच्या टोळीचा ढीग स्वतः मोजला. भूमितीच्या पुस्तकातलं घनफळ असं उपयोगी पडेल असं आमच्या मास्तरांनाही वाटलं नसेल. मोजणारा चिडला; म्हणाला, "लई शिकलास काय?" आईनं माझा हात मागं ओढला. पण शेजारच्या ढिगावरची एक म्हातारी उठली अन् म्हणाली, "पोरा, माझाबी मोज."

त्या शनिवारी आमच्या हजेरीवर पुरा ब्रास पडला. आईनं आलेल्या पैशातून आधी रॉकेल आणलं आणि कंदिलाची काच राखेनं घासून माझ्यापुढं ठेवली.