सारथी, स्वामी आणि रस्ता

वाहनामुळे कोणाला इजा झाली तर दोष कोणाचा, हा प्रश्न मोटारगाडीपेक्षा फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याची चर्चा आढळते. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, लगाम तुटला, अथवा ‘बाजूला व्हा’ असे सारथी ओरडून सांगत असतानाही अपघात घडला, अशा दहा प्रसंगी दंड नाही, असे तेथे म्हटले आहे. परंतु सारथ्याच्या अकौशल्यामुळे गाडी भरकटून हानी झाली, तर दंड गाडीच्या स्वामीला. सारथी कुशल असेल तर दंड त्याला स्वतःला. आणि तो अकुशल असेल तर गाडीत बसलेल्या सर्वांनाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर असेही आहे की, हाकणारा अल्पवयीन असल्यास गाडीत बसलेला मालक दंडास पात्र ठरतो.

या ग्रंथांतील इतर अनेक विधाने आज त्याज्य ठरली आहेत, हे सांगायला नकोच. तथापि या एका बाबतीत त्या शास्त्रकारांनी केवळ ‘किती दंड करावा’ एवढाच विचार केला नाही. वाहनाचा दोष, सारथ्याचा दोष व स्वामीचा दोष त्यांनी वेगवेगळा तोलला. आधुनिक काळात हा विवेक आपण बराच काळ हरवून बसलो, असे या विषयाचा इतिहास पाहता वाटते.

आपल्याकडील अर्वाचीन कायद्याची सुरुवात १८६० च्या भारतीय दंडसंहितेपासून होते. तिच्या २७९ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. त्या वेळी डोळ्यांपुढे होती ती घोडागाडी आणि बैलगाडी. १८७० साली ३०४-अ हे कलम जोडले जाऊन निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. १८६० साली एक हजार रुपये ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची रक्कम होती. नवल असे की, २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही बेदरकार वाहन चालविण्याच्या गुन्ह्याला सहा महिने आणि एक हजार रुपये हीच मर्यादा राहिली. दीडशेहून अधिक वर्षांत घोड्याची जागा शंभर अश्वशक्तीच्या यंत्राने घेतली. दंडाचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

मोटार प्रथम रस्त्यावर आली ती पाश्चात्त्य देशांत, आणि तिला आवर घालण्याचे प्रयोगही प्रथम तेथेच झाले. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने वाफेच्या गाड्यांना गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल एवढीच गती ठरवून दिली. शिवाय पुढे साठ यार्डांवर तांबडे निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे, असा दंडक घातला. १८९६ साली हे निर्बंध सैल झाले आणि वेगमर्यादा चौदा मैलांवर गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही महिला मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीने बळी घेतलेली ती त्या देशातील पहिली पादचारी मानली जाते. १९०३ च्या कायद्याने वाहनांना क्रमांक व चालकांना परवाना सक्तीचा केला. पण परवान्यासाठी परीक्षा नव्हती.

पुढची पायरी फार बोधप्रद आहे. वेगमर्यादा कोणीच पाळत नाही, मग ती हवी कशाला, असा विचार करून १९३० साली ब्रिटिश संसदेने मोटारींवरील वेगमर्यादा काढूनच टाकली. १९३४ साली त्या देशातील रस्त्यांवर ७,३४३ माणसे मरण पावली. तेव्हा वाहने आजच्या मानाने अगदीच थोडी होती. त्याच वर्षी लेस्ली होर-बेलिशा हे वाहतूक मंत्री झाले. १९३५ साली वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा परत आली, नव्या चालकांसाठी परीक्षा सक्तीची झाली, आणि पादचाऱ्यांच्या ओलांडण्याच्या जागी नारिंगी गोलकांचे खांब उभे राहिले. त्या खांबांना तेथे अजूनही बेलिशांचेच नाव आहे.

दुसरा प्रयोग १९६७ चा. श्वासावरून मद्याचे प्रमाण मोजणारे यंत्र पोलिसांच्या हाती आले आणि रक्तातील मद्याची निश्चित मर्यादा कायद्याने ठरली. १९६६ साली ७,९८५ असलेली मृत्युसंख्या १९६८ मध्ये ६,८१० पर्यंत उतरली. अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले की, आरंभी लोकांना आपण हटकून पकडले जाऊ असे वाटले म्हणून परिणाम मोठा झाला. तपासणी क्वचितच होते हे ध्यानात येताच तो ओसरू लागला. शिक्षा तीच होती. कमी झाली ती पकडले जाण्याची भीती. इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ सालीच सांगून ठेवले होते की, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या कठोरपणाने नव्हे, तर तिच्या अटळपणाने. त्या सिद्धांताची ही रस्त्यावरची प्रचीतीच होय.

आपल्या देशात १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे तीन कायदे झाले. नोंदणी, परवाना, विमा या बाबी त्यांनी उत्तम रीतीने बांधल्या. परंतु १९७० साली देशात रस्ते अपघातांत सुमारे साडेचौदा हजार मृत्यू झाले होते, ते २०२२ साली १,६८,४९१ वर गेले. वाहने अनेक पटींनी वाढली हे खरे. पण ब्रिटनमध्येही ती वाढलीच, आणि तरी २०२३ साली तेथील मृत्यू १,६२४ एवढेच होते. म्हणजे वाहनांच्या वाढीबरोबर मृत्यू वाढलेच पाहिजेत, असा काही सृष्टिनियम नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने दंड एकदम वाढविले. मद्य पिऊन वाहन चालविण्याचा पहिल्या वेळचा दंड दोन हजारांवरून दहा हजार झाला. त्याचा परिणाम आम्हा बडोदेकरांना जवळून पाहता आला. कायदा लागू होऊन पंधरवडाही उलटला नव्हता, तोच गुजरात शासनाने अनेक दंड कमी केल्याचे जाहीर केले. इतरही काही राज्यांनी तोच मार्ग धरला. पुढे २०२४ च्या जानेवारीत, अपघात करून पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या नव्या तरतुदीविरुद्ध मालमोटार चालकांनी संप पुकारला, आणि १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. कागदावरची शिक्षा जेवढी भयंकर, तेवढी ती प्रत्यक्षात आणणे अवघड, हे प्रशासनात आयुष्य घालविलेल्या कोणालाही पटावे.

याच २०१९ च्या कायद्यातील दोन कलमांकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. १९९-अ या कलमाने अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. कौटिल्याचाच न्याय हा! मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि अल्पवयीन आरोपीला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा देशभर संताप उसळला. त्या संतापाच्या मुळाशी हीच भावना होती की, किल्ली ज्यांच्या घरातून मिळते त्या स्वामींनाही उत्तर द्यावे लागले पाहिजे.

दुसरे कलम १९८-अ. रस्त्याची रचना किंवा देखभाल सदोष असल्यामुळे अपघात झाला, तर संबंधित यंत्रणा वा ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा चौथा जबाबदार घटक प्राचीनांनाही सुचला नव्हता. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली हेच तत्त्व धोरण म्हणून स्वीकारले : माणूस चुकणारच, त्याच्या चुकीची किंमत प्राणाने मोजावी लागणार नाही असा रस्ता बांधणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य. आपल्याकडेही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून कठडे बसविणे, कडेचे धोकादायक अडथळे हटविणे, वेगावर नजर ठेवणे आणि जखमींना त्वरित मदत पोहोचविणे असे उपाय एकत्र योजले गेले. २०१६ साली तेथे १५१ माणसे मृत्यू पावली होती. पुढे ही संख्या लक्षणीय प्रमाणात घटली.

सेवेत असताना रस्ता सुरक्षेच्या बैठकांना मी अनेकदा उपस्थित राहिलो. एका वळणावर वारंवार अपघात होत. दर बैठकीत त्याची नोंद होई आणि शेवटी तेथे ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’ असा फलक लागला. वळणाआडचे झुडूप व उलट्या उताराची सडक तशीच राहिली. फलकाने जबाबदारी चालकावर ढकलली गेली, इतकेच.

महामार्गांची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. आपल्या गावातील रस्त्यांची, दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांतील शाळकरी मुलांची व वृद्धांची काळजी कोण घेणार? फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने, जेथे पायी चालणारे आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी तीस किलोमीटरची मर्यादा सुचविली आहे. ती केवळ फलकावर न लिहिता योग्य मापाचे गतिरोधक, उंचावलेले ओलांडमार्ग व अरुंद केलेले कोपरे यांनी रस्त्यातच बांधून टाकावी. दंड थोडा असला तरी चालेल, पण कॅमेऱ्याने नोंदलेला प्रत्येक भंग, नाव कोणाचेही असो, वसूल व्हावा. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकी देणाऱ्या बापाला शेजाऱ्यांनीच विचारावे. आणि अपघात झाला की ‘चालक कोण होता’ या प्रश्नाबरोबर ‘गाडी कोणाची होती’ व ‘रस्ता कोणी बांधला’ हेही प्रश्न नागरिकांनी नगरपालिकेला लेखी विचारावेत. उत्तर देणे भाग पडले, की फलकाआडचे झुडूपही हलू लागते.