काजळीची साक्ष

कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम पूर्वी घरातल्या मुलांकडे असे. वात फार वर चढली किंवा खालच्या भोकांत कचरा अडकला, की घटकाभरात काच काळी होई आणि आजी म्हणे, “दिवा कोंडलाय रे, वात उतरव.” आजीने रसायनशास्त्र वाचलेले नव्हते, पण तिचे निदान बिनचूक होते. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही, की इंधनातला कार्बन पुरता जळत नाही आणि काजळी होऊन काचेवर बसतो.

काजळी निदान डोळ्यांना दिसते तरी. तिचे दुसरे भावंड, कार्बन मोनॉक्साइड, याला ना रंग ना वास. श्वासावाटे तो रक्तात शिरतो आणि तिथल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. मग नाकपुड्या मोकळ्या असूनही शरीर आतल्या आत गुदमरते. फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उघड केला होता. पण शास्त्रज्ञांना कळलेले घराघरांत पोहोचण्यास वेळ लागतो. त्याच फ्रान्समधील एका धुराड्याची ही कथा आहे.

२८ सप्टेंबर १९०२ रोजी विख्यात कादंबरीकार एमिल झोला आणि त्यांच्या पत्नी अलेक्झांद्रीन गावाकडून पॅरिसच्या घरी परतले. हवेत गारठा होता, म्हणून शयनगृहात कोळशाचा विस्तव घातला होता. रात्री दोघांचीही प्रकृती बिघडली. नोकरांना हाक मारावी, असे अलेक्झांद्रीनच्या मनात होते. पण एवढ्यासाठी त्यांची झोप कशाला मोडावी, सकाळी बरे वाटेल, असे झोलांचे म्हणणे पडले. पुढे ते उठले, ते जमिनीवर कोसळले. सकाळी दार उघडले तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. झोला मात्र वाचले नाहीत.

द्रेफ्यूस या निरपराध अधिकाऱ्यासाठी १८९८ साली साऱ्या सरकारशी झगडलेला हा माणूस! त्याला शत्रू थोडे नव्हते. साहजिकच चौकशी झाली. त्याच खोलीत पुन्हा विस्तव पेटवून रात्रभर गिनीपिग ठेवले; सकाळी ते जिवंत निघाले. धुराडे उकलून पाहिले. काजळी सापडली, पण वाट पुरती बंद व्हावी इतकी नव्हे. अखेर अपघात म्हणून प्रकरण मिटले.

पुढे १९५३ साली एका पॅरिसच्या वृत्तपत्रात नवीच हकीकत आली. शेजारच्या छपरावर काम करणाऱ्या एकाने मरणापूर्वी कबूल केले होते म्हणे, की आपण ते धुराडे मुद्दाम बुजवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळे केले. खरे-खोटे आजवर सिद्ध झालेले नाही. पण कबुली खरी असो वा नसो, चौकशीतली उणीव तिने दाखवून दिली. धुराड्याची परीक्षा झाली ती मागाहून. त्या रात्री ते कसे होते, हे त्यातून कसे कळावे?

पुढे युरोप-अमेरिकेत खोलीतला विस्तव तळघरातल्या बॉयलरमध्ये गेला. पण हवा, ज्योत आणि धुराडे यांचे नाते तेच राहिले. काजळी साचली की वाट अरुंद होते, ओढ मंदावते, हवा कमी पडते आणि काजळी आणखी वाढते. म्हणून जाणता कारागीर आता नुसती सफाई करून थांबत नाही. बॉयलर चालू असतानाच तो धुराड्याची ओढ मोजतो आणि आतल्या वायूंत प्राणवायू व मोनॉक्साइड किती, ते पाहतो. तेलाचा बॉयलर असेल तर धूर पांढऱ्या कागदातून ओढून उठलेला डाग ० ते ९ अशा छटांशी ताडतो. डाग नाही म्हणून धोका नाही, असेही तो समजत नाही. काजळी नसतानाही हा वायू असू शकतो.

आपल्याकडे बॉयलर नाहीत. पण बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर आहे, थंडीत दारे लावून ठेवलेली निखाऱ्यांची शेगडी आहे. घरातल्या दोघा-चौघांचे डोके एकदमच दुखू लागले, मळमळले आणि बाहेर येताच बरे वाटले, तर पित्त म्हणून सोडून देऊ नये. विस्तव बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि डॉक्टर गाठावा. त्यासाठी कोणाची झोप मोडावी लागली तरी खुशाल मोडावी. झोलांनी त्या रात्री नेमकी तेवढीच भीड धरली होती.